यादी बरोबर होती

माझं गाव सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातलं. आमच्याकडं पाण्याची भीती म्हणजे पाणी नसण्याची भीती. टँकर चुकला तर काय, विहीर आटली तर काय, एवढीच. त्यामुळं बदलीत जिल्ह्याच्या पार पश्चिमेची, कोयनेच्या पाण्यापलीकडची शाळा वाट्याला आली तेव्हा घरात सगळ्यांना बरंच वाटलं. आई म्हणाली, "डोळं भरून पाणी तरी बघशील." सहा वर्षं झाली, बघतोय.

कोयना धरण १९६४ साली पुरं झालं. त्यामागं जो जलाशय पसरला त्याला शिवसागर म्हणतात. साठा १०५ टीएमसीच्या, म्हणजे १०५ अब्ज घनफुटांच्या आसपास. आमच्याकडं टीएमसी हा शब्द फक्त निवडणुकीच्या भाषणात ऐकू यायचा. इथं तो खिडकीतून दिसतो. प्रत्येक नदी-ओढ्याच्या खोऱ्यात पाणी लांबवर शिरलंय आणि त्या पाण्याच्या मधल्या डोंगरांवर गावं अडकून बसलीत. त्यातलंच एक माझ्या शाळेचं. खालची भाताची जमीन पाण्यात गेली, निम्मं गाव पुनर्वसनात लांब गेलं, उरलेलं डोंगराच्या अंगाला वर सरकलं. रस्ता आहे, पण लाँचनं वीस मिनिटांत जिथं पोचतो तिथं रस्त्यानं जायला अर्धा दिवस मोडतो.

जानेवारी २०२२ मध्ये याच पाण्याकाठच्या खिरखंडीच्या मुली स्वतः होडी वल्हवत शाळेला जातात अशी बातमी आली आणि मुंबई उच्च न्यायालयानं आपणहून तिची दखल घेतली. तेव्हा माझे डीएडचे मित्र फोन करून विचारायचे, "अरे, तुझी पोरं पण होडीतनं येतात का?" इथल्या माणसाला हा प्रश्न 'तुम्ही चालत जाता का' असा ऐकू येतो. मुलं चालायला लागतात आणि मग वल्हवायला लागतात. माझी तिसरी-चौथीतली पोरं पाण्यात माशागत. पोहता न येणारा शाळेत एकच होता, तो म्हणजे मी.

डिसेंबर २०२३. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, क्रीडा स्पर्धा पलीकडच्या काठावरच्या एका शाळेत होत्या. आमचा पट चौदा. लंगडीचा संघ काढायचा तर शाळाच न्यावी लागते, म्हणून सगळे चौदाही निघाले. बाई रजेवर होत्या. मी एकटा. संमतीपत्रं घेतली, यादी केली तीन प्रतींत, एक केंद्राला, एक दप्तरी, एक माझ्या खिशात. लाँचवाल्या मामांना आदल्या दिवशी निरोप दिला होता. नात्यातले नाहीत, सगळ्या खोऱ्याचेच ते मामा.

सकाळी काठावर पोचलो तर चौथीतल्या एका पोरानं कडेवर धाकटी बहीण आणलेली. साडेचार वर्षांची. अंगणवाडीतली. "गुरुजी, हिला घरी कोण न्हाय. आई दवाखान्यात गेलीय, आजी गवताला." अंगणवाडीलाही त्या दिवशी सुट्टी होती. मी यादी काढली, तिच्याकडं बघितलं, यादी परत खिशात ठेवली. तिचं नाव कुठल्या रकान्यात लिहायचं? "बसव," म्हणालो.

लाँचवर जॅकेटं वीस होती. सगळी मोठ्यांची. चौदा जणांना चढवली, पोटाशी पट्टे आवळले. छोटीला घातलं तर आतून तिचे फक्त डोळे दिसायला लागले. मुलं "कासव, कासव" करून हसली, मीही हसलो. मग एका नायलॉनच्या दोरीनं ते तिच्या पोटाभोवती बांधलं आणि तिला मांडीवर घेतलं. पुढं मला एका माहितगार माणसानं दाखवलं: जॅकेट घातल्यावर मुलाच्या दोन्ही खांद्यांवरचे पट्टे धरून वर उचलायचं. जॅकेट कानाला लागलं तर ते पाण्यात डोक्यावरून निघून जाणार आणि मूल खाली राहणार. लहान मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा एक पट्टा असतो, तो त्यासाठीच. मानेमागं गादी असते, कारण या वयात डोकं अंगाच्या मानानं जड, तोंड आपोआप पाण्याकडं जातं. माझी दोरी म्हणजे निव्वळ माझ्या मनाची समजूत होती. पण त्या दिवशी जॅकेटचा प्रश्न आलाच नाही. तो आला असता तर निदान मला आधीपासून भीती तरी वाटत होती.

कारण भीती सगळी मधल्या पाण्याची होती. जाताना आणि येताना, दोन्ही वेळा मी तिचं मनगट सोडलं नाही. मधे वारं उठलं, लाँच दोनदा हलली, पोरं ओरडली, मी "बसा रे खाली" म्हणून इतक्या जोरात ओरडलो की मामा हसायला लागले. खोल पाणी, दूर काठ, काळा रंग. माणदेशी माणसाला संकट तिथंच दिसतं.

स्पर्धा छान झाल्या. लंगडीत आम्ही दुसरे आलो. चौदांतून संघ काढून दुसरे, हे मोठ्या शाळेवाल्यांना कळणार नाही. शंभर मीटरला आमची तिसरीतली पोरगी पहिली. एक छोटी ढाल मिळाली. दुपारी खिचडी आणि सगळ्यांना गुळाची चिक्की. छोटीला केंद्रातल्या बाईंनी लाडानं जास्तीच्या दोन वड्या दिल्या, त्या ती लाँचमध्ये माझ्या मांडीवर बसून चोखत होती. माझा शर्टही चिकट झाला होता.

आता आमच्या काठाबद्दल सांगितलं पाहिजे. आमच्याकडं जेटी नाही. पुष्कळ जण विचारतात, का नाही. पावसाळ्याच्या शेवटी पाणी शाळेच्या खालच्या शेतापर्यंत चढलेलं असतं आणि तिथून पुढं ते दर आठवड्याला उतरत जातं. मे महिन्यात तेच पाणी खाली दरीत गेलेलं असतं, मधे नुसता तांबडा गाळ. धक्का बांधायचा तर कुठं बांधणार? म्हणून लाँच जिथं पाणी असेल तिथं काठाला नाक लावते, मामा एक फळी टाकतात आणि आपण उतरतो. नाक काठाला दाबून राहावं म्हणून इंजिन हळू चालूच असतं, म्हणजे मागं पंखाही फिरत असतो.

आणि काठ दिसतो तसा नसतो. पाण्याखाली जुनी भातखाचरं आहेत. साठ वर्षं बुडालेली, पण दगडी बांध अजून उभे. त्यामुळं तुम्ही पाण्यात शिरलात की घोट्याएवढं, मग गुडघ्याएवढं, आणि सपाट जमीन लागल्यासारखं वाटतं. चार पावलं तसंच. मग बांध संपतो आणि पुढचं खाचर पुरुषभर खाली. गावातल्या पोरांना कुठं कुठला बांध आहे ते पायानं माहीत असतं. पण पाणी उतरलं की काठ बदलतो आणि दर महिन्याला नवा बांध वाट्याला येतो.

सहा वाजायला आले होते. मामांना अंधाराआधी परत जायचं होतं. "जाकिटं हितंच टाका रं, मी न्हेतो," असं ते काठाला लागता लागताच म्हणाले आणि पोरांनी फळीवर पाय ठेवायच्या आत जॅकेटं काढून ढीग केला. मी काही बोललो नाही. काठ आला होता ना. छोटीला मी सगळ्यात आधी उतरवलं. कडेवर घेऊन फळीवरून गेलो, कोरड्या जमिनीवर आठ-दहा पावलं वर नेली, दोरी सोडली, जॅकेट काढलं, तिला खाली ठेवलं. तिला काहीतरी बोललो आणि पोरांना उतरवायला माघारी वळलो.

एकेकाला हात धरून उतरवलं. वर गावातली पाच-सहा माणसं आली होती, दोघी-तिघी बाया, दोन कुत्री. ढाल कुणाच्या हातात द्यायची यावरून चौथीतल्या दोघांची जुंपली. मी यादी काढली, मोजायला लागलो. पोरं हलत होती, दोनदा मोजावं लागलं. चौदा. यादी बरोबर होती. मी पेनानं खूण केली, वेळ टाकली. पाच पन्नास.

मामांनी फळी आत ओढली, मागं गेले. लाँच मागं घ्यायच्या आधी ते नेहमी दोन्ही बाजूंनी वाकून पाण्यात बघतात. मी कितीतरी वेळा बघितलंय, आणि मला वाटायचं की पंख्यात गवत-बिवत अडकलंय का ते बघत असतील. तसं ते वाकले आणि इंजिन बंद झालं.

इंजिन बंद झालं म्हणून आम्ही सगळ्यांनी वळून बघितलं. मामा लाँचवर नव्हते. पाण्यात उडी टाकल्याचा आवाज आला तो लाँचच्या पलीकडच्या बाजूनं. आमच्या आणि त्या बाजूच्या मधे लाँच आडवी होती, म्हणून दिसलं काही नाही. आठ पावलं अंतर असेल. आम्ही वीस माणसं तिथं उभी होतो.

कुणी ओरडल्याचं कुणालाही ऐकू आलं नव्हतं. तालुक्याला एकदा आमचं आपत्तीचं प्रशिक्षण झालं होतं, त्यात एक जण सांगत होते की बुडणारं माणूस हाका मारत नाही, हात हलवून बोलावत नाही. तोंड पाण्याच्या वर येतं तेवढ्यात श्वास घ्यायचा असतो, ओरडायला सवड कुठली. हात पाण्यावर दाबले जातात, लांबून बघणाऱ्याला खेळतंय असं वाटतं. लहान मूल तर अर्ध्या-एक मिनिटात खाली जातं. मी त्या दिवशी मागच्या बाकावर बसून दाखल-खारीज रजिस्टर पुरं करत होतो. कान तेवढे तिकडं होते.

भाऊ पाण्याकडं धावला. चौथीतला. त्याला कळलं होतं, आम्हाला कुणाला कळायच्या आधी. मी त्याला कॉलर धरून अडवलं. बटणं तुटली. तो मला चावला. आजही मला त्या दिवशी मी केलेलं पहिलं शहाणपणाचं काम तेच वाटतं. आपल्याकडं विहिरीत, बंधाऱ्यात एकामागं एक तिघं-चौघं जातात, ती अशीच जातात. एक घसरतो, दुसरा त्याला धरायला, तिसरा दोघांना.

मामा बांधावर उभे राहिले तर पाणी त्यांच्या छातीला होतं. छोटी बांधाच्या पलीकडच्या अंगाला होती, फ्रॉकचा घोळ फुगून वर आला होता. तो दिसला म्हणून. तो त्यांनी धरला.

काठावर आणली तेव्हा ओठ निळे-काळे, मान लोंबलेली. श्वास नव्हता. गावातले एक आबा पुढं आले, पंच्याहत्तरीचे, गावात त्यांच्या शब्दाबाहेर कुणी नाही. त्यांनी तिचे दोन्ही पाय धरले आणि तिला उलटी करून फिरवायला सुरुवात केली. मागून एकजण म्हणाला, "पोट दाबा, पोट." आणखी एक, मुंबईला असतो तो: "मिठात ठेवायचं, व्हॉट्सॲपवर आलं होतं."

मी आबांच्या हातातून तिला ओढली. "सोडा आबा, सोडा!" असं त्यांच्यावर ओरडलो. त्या माणसाशी मी एरवी खाली बघून बोलतो. ते बाजूला झाले. त्यांची काय चूक? त्यांच्या वडिलांनी त्यांना हेच शिकवलं होतं, आणि असं फिरवून वाचलेली दोन माणसं त्यांनी स्वतः बघितलीत. ती वाचली त्याचं कारण वेगळं असणार. उलटं केल्यावर जे पाणी पडतं ते पोटातलं. फुप्फुसाला हवी असते हवा, आणि जाणारी प्रत्येक घटका हवेवाचून जाते. शिवाय पोट दाबलं तर उलटी वर येऊन श्वासनळीत जायची भीती.

हे सगळं आज सुचतंय. तेव्हा डोक्यात फक्त ती रबरी बाहुली होती. प्रशिक्षणातली. तिच्या तोंडाला सगळ्यांचं तोंड लागतं म्हणून आम्ही पुरुष शिक्षकांनी खूप विनोद केले होते. माझी पाळी आली तेव्हा मी दोन फुंकरी मारून उठलो होतो.

फळी मागवली, तिच्यावर तिला उताणी ठेवली. कपाळावर हात ठेवून मान जराशी मागं, हनुवटी वर. नाक चिमटीत धरलं, तोंडावर तोंड. पहिली फुंकर बाजूनं निघून गेली. दुसरीला छाती उचलली. पाणी असो की माती, बुडालेल्याला आधी हवा, हे वाक्य त्या सरांनी दोनदा म्हटलं होतं म्हणून लक्षात होतं. पाच श्वास दिले. तोंडाला गुळाची चव लागली. मग छातीच्या मधोमध एका हाताचा तळवा, आणि दाबायला सुरुवात. छाती तिसरा हिस्सा आत गेली पाहिजे, असं शिकवलेलं. एवढ्या लहान अंगावर इतकं दाबायला हात धजत नाही. मोठ्यानं मोजत होतो. वर्गातली पोरंही माझ्याबरोबर मोजायला लागली, पाढे म्हणतात तशी. तीस झाले, दोन श्वास. पुन्हा तीस. एकवीस-बावीसला तिनं आचका दिला, खोकली, आणि भडाभडा ओकली. तिला कुशीवर केलं. मग ती रडली.

एका बाईनं स्वतःच्या अंगावरची शाल दिली. ओले कपडे काढून त्यात गुंडाळली. कुणीतरी चहा आणला, तो मी पाजू दिला नाही. त्यावरूनही थोडी कुरबूर झाली. "गार पडलीय पोर, दोन घोट द्या की." नको म्हणालो.

आमच्या काठाला मोबाईलला रेंज नाही. गावामागच्या टेकाडावर एका दगडापाशी मिळते. तिथवर सातवीतला एक पोरगा पळत गेला आणि त्यानं १०८ ला फोन लावला, पलीकडच्या काठावर गाडी पाठवा म्हणून. मामांनी ओल्या कपड्यांतच लाँच काढली. अंधारात. मी, आजी, छोटी. भावाला मागं ठेवला. जाताना जॅकेटं आम्ही सगळ्यांनी घातली, मामांनीसुद्धा. ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

रुग्णवाहिकेनं घाट चढून तालुक्याला नेलं. वाटेत ती झोपली तर मला घाम फुटायचा, मी पाच-पाच मिनिटांनी तिला हाक मारायचो. दवाखान्यात ऑक्सिजन लावला. आता रडतेय, बोलतेय, म्हणजे घरी न्यायची, असं आजीला वाटत होतं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी समजावलं, की पाणी थोडं जरी फुप्फुसात गेलं असलं तरी पुढच्या काही तासांत श्वास बिघडू शकतो. बुडून वाचलेलं मूल हसत-खेळत असलं तरी दवाखान्यात नजरेखाली ठेवायचंच. रात्रभर ठेवली.

केसपेपर लिहिताना त्यांनी सहज विचारलं, "पाण्यात गेली कशाला?"

आजी माझ्याकडं बघायला लागली. तिला काय माहीत असणार, ती तेव्हा काठावर नव्हतीच.

मी सांगितलं. मीच तिला म्हणालो होतो, "किती चिकट झालेत हात बघ. जा, हात धू."

शाळेत दिवसातून दहा वेळा म्हणतो हे वाक्य. खिचडीच्या आधी, खिचडीनंतर, मातीत खेळल्यावर. तिथं नळ असतो. ती अंगणवाडीतली गुणी पोर, सांगितलेलं ऐकणारी. समोर एवढं पाणी. ती गेली आणि हात धुवायला वाकली. पुढं काय झालं ते बघायला कुणी नव्हतं. चप्पल सुटली असेल, ती धरायला पुढं गेली असेल. एक चप्पल नंतर सापडली.

डॉक्टरांनी लिहिलं, 'हात धुताना'. पुढचं काही विचारलं नाही.

सकाळी आजी म्हणाली, "गुरुजी, तुमच्या मांडीवर बसून गेली हुती म्हनून म्या निवांत हुते." चिडून नव्हे. साधं सांगितल्यासारखं. त्यावर काय बोलायचं असतं ते मला अजून सुचलेलं नाही.

वर अहवाल द्यायला गेलो तर एका साहेबांनी आधी यादी मागवली. दोनदा वाचली. "हिचं नाव यात नाही. म्हणजे ती आपली विद्यार्थिनी नाही. मग घटना शाळेची कशी? कशाला अंगावर ओढून घेता?" त्यांचा हेतू मला वाचवायचाच होता, हे खरं. मी दोन पानं लिहून दिली. त्याचं पुढं काय झालं माहीत नाही, बहुतेक काही नाही.

महिनाभरानं, १८ जानेवारी २०२४ ला, वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटली. बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका गेल्या. क्षमतेपेक्षा जास्त मुलं बसवलेली, जॅकेटं सगळ्यांना नव्हती. आमच्या केंद्राच्या गटावर सगळे हळहळले, परिपत्रकं आली, जलपर्यटनाच्या सहली नकोत म्हणून. आमची तर सहल नव्हतीच, ती रोजची वाट. मग मे महिन्यात उजनीत कुगाव-कळाशीच्या मधे वादळात बोट उलटली, सहा जण गेले, त्यात दोन लहान मुलं. अशी बातमी आली की पेपरात जॅकेट आणि क्षमता यावर लिहून येतं, आणि ते यायलाच हवं. मला मात्र प्रत्येक वेळी आमचा काठ दिसतो. तिथं बोट उलटली नव्हती, वारं नव्हतं, माणसं जास्त भरली नव्हती. माणसं होती ती काठावर, आणि तीही वीस.

ते वीस हेच कारण होतं, असं मला आता वाटतं. मी धरलं की बाया बघतायत. बायांनी धरलं की गुरुजी आहेत. मामांना वाटलं पोरं वर गेली.

इथं कोकणाकडच्या अंगाला भात पिकायला लागलं की रानडुकरांसाठी राखणीला माणूस बसवतात. माळ्यावर एकटा. त्यानं झोपायचं नाही, गप्पा मारायच्या नाहीत, दुसऱ्याच्या भरवशावर राहायचं नाही. ते पोरांना सांगावं लागत नाही, प्रत्येकाच्या घरात कुणीतरी राखणीला गेलेला असतो. आम्ही तेच उचललं. लाँच काठाला लागली की एक जण 'राखण्या'. मोठं माणूसच. त्यानं पाण्याकडं तोंड करून उभं राहायचं, सामान उचलायचं नाही, मोबाईल बघायचा नाही, कुणी 'रामराम' केला तरी वळायचं नाही. गळ्यात शिट्टी. दुसरा येऊन त्याच्या हातावर टाळी देऊन शिट्टी घेईपर्यंत तो हलत नाही. पहिल्या दिवशी बाया तोंडाला पदर लावून हसल्या. आता आबा स्वतः उभे राहतात, काठी टेकून, आणि शिट्टी उगाच वाजवतात.

मामांचं इंजिन पोरं उतरून वर जाईपर्यंत आता बंद असतं, नाक दोरीनं खुंटीला बांधलेलं. डिझेल वाचतं म्हणून मामा खूश आहेत, हे आधी का नाही सुचलं असं मीच त्यांना विचारत नाही. जॅकेटं निघतात ती शाळेच्या वाटेवरच्या आंब्याखाली, काठावर नाही. मुंबईकर मंडळानं लहान मापाची सहा जॅकेटं दिली, पायातल्या पट्ट्याची. मिठाचा उपाय सांगणारा होता त्यानंच वर्गणी काढली. आणि बुडणाऱ्यामागं उडी मारायची नाही, हे पोरांना पटवायला सगळ्यात जास्त दिवस गेले, कारण त्यांना पोहता येतं. त्यांना वाटतं पोहता येतं म्हणजे वाचवता येतं. घाबरलेलं माणूस गळ्याला मिठी मारतं, हे मग मी करून दाखवलं. म्हणजे कमरेएवढ्या पाण्यात मीच घाबरलो, ते काही नाटक नव्हतं. आता झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन, त्याला दोरी, असा एक लाँचवर आणि एक शाळेत टांगलेला असतो. तो फेकायचा आणि ओढायचं. शनिवारी दप्तराविना शाळा असते तेव्हा कॅनफेकीची स्पर्धा होते. लंगडीपेक्षा चुरस जास्त.

उन्हाळ्यात गावी गेलो तर भावानं नवीन शेततळं केलेलं. प्लास्टिकचा कागद अंथरलेला, काठोकाठ पाणी, आणि त्याची दोन पोरं कडेनं सायकल फिरवतायत. त्या कागदावरून ओल्या पायानं वर चढून दाखव, असं मी त्याला म्हणालो. चढता आलं नाही. संध्याकाळपर्यंत चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर सोडले, दोन जुन्या ट्यूबा टाकल्या. कुंपण पुढच्या हंगामाला करतो म्हणाला. मी अजून दर रविवारी फोनवर विचारतो.

मी मोजतो ती पद्धतही बदललीय. यादी काढतो शेवटी. आधी डोकी मोजायची, जेवढी लाँचमध्ये चढली तेवढी, मग ती कुणाची का असेनात. पाहुण्याचं पोर, कडेवरचं पोर, पलीकडं दळण घेऊन चाललेल्या बाईचं पोर. तो आकडा मी तळहातावर पेनानं लिहितो. उतरल्यावर हाताशी ताळा. बाई म्हणतात, सर, वही वापरा की. वही खिशात राहते.

आणि एक कॅन भरलेला. तोटीचा, वीस लिटरचा, तो मी शाळेतून उचलून आंब्याखाली आणून ठेवतो, लाँच यायच्या दिवशी. हात तिथं धुवायचे. पहिल्यांदा नेला तेव्हा मामा लाँचवरून ओरडले, "गुरुजी, धरनावर घरनं पानी घिऊन येनारा मानूस जल्मात पयल्यांदा बघतोय!" माणचा माणूस आहे, म्हणालो, सवय आहे.

छोटी २०२५ च्या जूनमध्ये पहिलीत आली. हजेरीत तिचा नंबर अकरा. त्या दिवसातलं तिला काही आठवत नाही, किंवा आठवत असेल तर सांगत नाही. पाण्याला भीत नाही, भावाकडून पोहायला शिकतेय. हात मात्र फार धुते. तोटी सोडते ती बंद करत नाही, मागची पोरं ओरडतात, निम्मा कॅन ती एकटीच संपवते. मी काही म्हणत नाही, परत भरून आणतो.